तीन कोटेशनं, एकच गच्ची

वाचकांचे प्रश्न : घर आणि वीज

प्रश्न : सर, आम्ही कऱ्हाडला राहतो. मिस्टर गेल्या वर्षी पोस्टातून निवृत्त झाले. घर दुमजली आहे, वर मोकळी गच्ची. सूर्यघर योजनेतून सोलर बसवायचं ठरवलं आणि इथल्याच तिघांकडून कोटेशनं घेतली. तिघांनीही '३ किलोवॅट' लिहिलंय, पण आकडे कुठल्या कुठे आहेत. पहिल्याचं 'अनुदान वजा जाता फक्त १,१७,००० रुपये'. दुसऱ्याचं २,०५,००० आणि 'जीएसटी १३.८ टक्के वेगळा'. तिसऱ्याचं सगळं धरून १,६२,०००, पण खाली 'अनुदान ग्राहकाने स्वतः पाहावे' अशी ओळ आहे. मिस्टर म्हणतात पहिला घेऊ, धाकटे दीर म्हणतात तिसरा. दुसऱ्याचं नावसुद्धा कोणी काढत नाही, कारण तो सगळ्यांत महाग. तिन्ही कोटेशनांचे, लाईटबिलाचे आणि गच्चीचे फोटो सोबत पाठवते. बिल अजून सासऱ्यांच्या नावावर येतं, ते २०१९ मध्ये वारले. आणखी एक, लाईट गेल्यावर सोलरवर घर चालेल ना? – एक वाचक, कऱ्हाड

उत्तर : ताई, तुम्ही कोटेशनांचे फोटो पाठवलेत हे फार बरं केलंत. बहुतेक पत्रांत नुसती रक्कम असते आणि 'जास्त वाटते का?' एवढाच प्रश्न. नुसत्या रकमेवरून मला काही सांगता येत नाही. तुमचे तीन कागद मी टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, वही घेतली आणि तिघांचे आकडे एकाच मापात आणले. ते माप म्हणजे पॅनेलच्या एका वॅटला किती रुपये पडतात.

पहिल्यापासून बघू. १,१७,००० ही त्याची किंमत नाही. त्याने ७८,००० रुपये अनुदान आधीच वजा करून दाखवलंय. म्हणजे त्याला तुम्ही द्यायचे १,९५,०००. अनुदान नंतर तुमच्या बँक खात्यात येतं, त्याच्याकडे जात नाही. आता त्याच्या कागदावरची चौथी ओळ वाचा: '५४० वॅट × ५'. पाच पॅनेल म्हणजे २,७०० वॅट. तीन किलोवॅटचा आहे तो इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात चालेल अशी करणारं यंत्र), पॅनेल नाहीत. अनुदान मोजताना पॅनेल आणि इन्व्हर्टर यांतला जो आकडा कमी, तो धरतात. पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० आणि त्यापुढच्या एका किलोवॅटला १८,००० असा हिशेब आहे. २.७ किलोवॅटला होतात ६०,००० अधिक १२,६००, म्हणजे ७२,६००. त्यामुळे तुमच्या खिशातून शेवटी १,२२,४०० जातील, १,१७,००० नव्हे. ५,४०० रुपयांचा फरक काही मोठा नाही. पण ज्याने पॅनेल पाच मोजली आणि अनुदान सहाचं लिहिलं, त्याच्या बाकीच्या ओळीही मी भिंग लावून वाचेन.

दुसऱ्याच्या कागदावर ५४५ वॅटची सहा पॅनेल आहेत, म्हणजे ३,२७० वॅट. इन्व्हर्टर ३ किलोवॅटचा, त्यामुळे अनुदान पूर्ण ७८,०००. त्याने जीएसटी मात्र जुना धरलाय. घरावर सोलर बसवण्याच्या कामात ७० टक्के रक्कम मालाची आणि ३० टक्के सेवेची धरून कर लावतात. मालावर पूर्वी १२ टक्के होता आणि सेवेवर १८, त्याचे मिळून १३.८ होत. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालावरचा कर ५ टक्के झाला, त्यामुळे आता एकूण ८.९ टक्के पडतो. जुन्या दराने त्याची रक्कम २,३३,२९० होते, नव्या दराने २,२३,२४५. दहा हजार पंचेचाळीस रुपये या एका ओळीत अडकलेत. तो फसवतोय असं मी लगेच म्हणणार नाही, छापील नमुना बदलायचा राहिला असेल. फोन करून विचारा. 'हो ताई, बरोबर आहे' म्हणून त्याने नवा कागद पाठवला, तर माणसाची एक परीक्षा तिथेच झाली.

तिसऱ्याची सहा पॅनेल ५५० वॅटची आहेत, ३,३०० वॅट. कागदावर 'डीसीआर' हे शब्द कुठेच नाहीत. योजनेचं अनुदान हवं असेल तर पॅनेल भारतात जोडलेलं असून भागत नाही, त्याच्या आतले सेलही भारतात बनलेले लागतात. त्या पॅनेलला बाजारात डीसीआर म्हणतात आणि ते साध्यापेक्षा महाग पडतं. 'अनुदान ग्राहकाने स्वतः पाहावे' या ओळीचा अर्थ मला तरी एकच लागतो. त्याला लेखी विचारा, पॅनेल डीसीआर आहे का. नाही म्हणाला तर १,६२,००० ही सुरुवातीची किंमत आणि तीच शेवटची.

आता एका वॅटचा भाव काढा. अनुदान वजा केल्यावर पहिला ४५ रुपये ३३ पैसे, दुसरा नव्या जीएसटीने ४४ रुपये ४२ पैसे, तिसरा, अनुदान मिळणार नाही असं धरून, ४९ रुपये ९ पैसे. ज्याचं नावसुद्धा घरात कोणी काढत नव्हतं, तो दुसरा सगळ्यांत स्वस्त निघाला आणि दिरांचा तिसरा सगळ्यांत महाग. हे गणित मिस्टरांसमोर आणि दिरांसमोर वहीत मांडून दाखवा. घरात दोन मतं असली की आकडा मोठ्या आवाजापेक्षा जास्त काम करतो, हा माझा अनुभव आहे.

पण थांबा, लगेच दुसऱ्याला होकार देऊ नका. तुम्हाला सहा पॅनेल लागतात का, हे तिघांपैकी कोणीच पाहिलेलं दिसत नाही. बिलावरच्या बारा महिन्यांच्या युनिटची मी बेरीज केली, ३,३४० येते. आपल्याकडे एक किलोवॅट महिन्याला साधारण १२० युनिट देतो, पावसाळ्यात कमी, मार्च-एप्रिलमध्ये जास्त. सहा पॅनेलमधून वर्षाला ४,७०० च्या आसपास युनिट निघतील. पाच पॅनेलमधून ३,९०० निघतील. तुमचा वापर ३,३४०. जास्तीची युनिट महिन्यामागून महिना पुढे ओढली जातात, पण ३१ मार्चला खातं मिटतं आणि उरलेल्या युनिटना महावितरण जो दर देते तो तुम्ही भरता त्या दराच्या जवळपासही नसतो. म्हणून दुसऱ्याला सांगा, 'पाच पॅनेलचं कोटेशन पण द्या.' त्यात अनुदान ७३,०५० बसेल, म्हणजे सहाव्या पॅनेलमुळे अनुदान वाढतंय ते फक्त ४,९५०. बाकी सगळा खर्च तुमचा. येत्या वर्ष-दोन वर्षांत एसी किंवा इलेक्ट्रिक स्कूटर घ्यायचं नक्की असेल तर सहा बसवा. 'असावं बरं' म्हणून बसवू नका.

आता मला ज्याबद्दल मनापासून सांगायचंय ते. पॅनेलच्या खालचं लोखंड.

मी सांगलीत आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेड २९ वर्षं शिकवला. २०१७ साली स्वतःच्या घरावर दोन किलोवॅट बसवले, तेव्हा चारही दिवस गच्चीवर उभा होतो. केबल कुठली, एमसीबी किती अँपिअरची, अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा-मीठ घातलं की तयार पावडर, सगळं डोळ्यांत तेल घालून पाहिलं. लोखंडाकडे पाहिलं नाही. बसवणाऱ्याने स्लॅबमध्ये थेट ड्रिल मारून अँकर बोल्ट ठोकले. स्लॅबवर ब्रिकबॅट कोबा (पाणी अडवणारा विटांच्या तुकड्यांचा थर) होता, त्याचं वॉटरप्रूफिंग बारा ठिकाणी फुटलं. दुसऱ्या पावसाळ्यात वरच्या खोलीच्या छताला बशीएवढा ओला डाग आला, तिसऱ्यात तो परातीएवढा झाला आणि खाली ठेवलेल्या गाद्या कुजल्या. गच्चीवर जाऊन पाहिलं तर पायांच्या बुडाशी तांबूस पाणी साचलेलं. चंदेरी दिसत होता तो रंग होता, जस्ताचा थर नव्हताच. नखाने खरवडला तर पापुद्रा निघून आला आणि खाली लाल गंज. पॅनेल आजही उत्तम वीज देतात. पण ती सगळी उतरवून, कोबा उकरून, पुन्हा बसवायला मला जो खर्च आला, त्यात कोटेशन घेताना वाचवलेले पैसे दोनदा गेले. बसवणारा तोवर फोन उचलेनासा झाला होता.

म्हणून तुमच्या कागदांत मी सगळ्यांत आधी 'स्ट्रक्चर', म्हणजे पॅनेलखालचा लोखंडी सांगाडा, हा शब्द शोधला. पहिल्याने लिहिलंय नुसतं 'जीआय स्ट्रक्चर'. तिसऱ्याने 'स्टँडर्ड'. याचा अर्थ काहीही होतो. दुसऱ्याने लिहिलंय 'हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड, ८० मायक्रॉन, ८ फूट उंच, काँक्रीटच्या ठोकळ्यांवर, नट-बोल्ट एसएस ३०४'. म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेलं लोखंड, जस्ताच्या थराची जाडी ८० मायक्रॉन आणि नट-बोल्ट स्टेनलेस स्टीलचे. त्याची मूळ रक्कम फुगलेली दिसते त्याचं कारण बरंचसं इथे आहे. आठ फूट उंचीला लोखंड जास्त लागतं, वाऱ्याचा जोर जास्त येतो, म्हणून पाय जाड आणि तिरपे आधार जादा लागतात. दोन-अडीच फुटांच्या बुटक्या स्ट्रक्चरशी त्याची तुलना करणं बरोबर नाही. तुम्ही ठरवा. गच्चीवर कुरडया-पापड घालता, कपडे वाळत घालता, उन्हाळ्यात नातवंडं झोपतात, तर उंच घ्या, नाहीतर ती गच्ची कायमची गेली असं समजा. गच्चीचा तसा काही उपयोग नसेल तर बुटकं करा आणि दुसऱ्याला तेवढे पैसे कमी करायला सांगा. मात्र तिघांनाही एकच उंची सांगा, तरच भाव जुळतील.

जस्त खरं आहे की रंग, हे साइटवर माल उतरला की पाहायचं, बसवल्यावर नाही. वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेला पाइप रंगासारखा एकसारखा चकाकत नाही. तो रुपेरी किंवा राखाडी दिसतो, त्यावर बरेचदा खडीसाखरेच्या चुऱ्यासारखे ठिपके-ठिपके दिसतात आणि कडेला जस्ताचे सुकलेले थेंब हाताला लागतात. भोकाच्या आत बोट घालून बघा. भोकाची आतली कड राखाडी असेल तर भोक आधी पाडून मग पाइप बुडवलाय. कड उघड्या लोखंडाची असेल तर भोक नंतर पाडलंय आणि गंज तिथूनच सुरू होणार. गच्चीवर वेल्डिंग मशीन चढताना दिसलं तर काम थांबवा. वेल्डिंगच्या जागी जस्त जळून जातं आणि वरून चंदेरी रंगाचा हात मारतात. नट-बोल्टच्याच जोडणीचं स्ट्रक्चर घ्या. थराची जाडी मोजायचं छोटं यंत्र मिळतं, एलकोमीटर म्हणतात. चांगल्या बसवणाऱ्याकडे ते असतं, समोर लावून दाखवायला सांगा.

गच्चीच्या फोटोत नैर्ऋत्येला पाण्याची टाकी दिसतेय. कोटेशनच्या नकाशात दुसऱ्याने पॅनेल टाकीच्या उत्तरेला लागूनच काढलीयत. डिसेंबरात कऱ्हाडला भर दुपारी सूर्य आकाशाच्या मध्यावर नसतो, दक्षिणेकडे साधारण अर्ध्यावर कललेला असतो. टाकीची सावली तिच्या उंचीपेक्षा थोडीच कमी लांब, अशी उत्तरेला पडते आणि तीन वाजता आणखी लांबते. एका पॅनेलच्या कोपऱ्यावर सावली आली तरी एका तारेत ओवलेल्या पॅनेलची मिळून वीज बरीच घटू शकते. पॅनेल पूर्वेला सरकवायला सांगा, जागा आहे. स्ट्रक्चर आठ फुटी झालं तर टाकी पॅनेलच्या खालीच राहील आणि हा प्रश्नच मिटेल. तुमच्या भागात गळीत हंगामात कारखान्यांची काजळी गच्चीवर पडते, हे तुम्हाला मी सांगायला नको. ती पॅनेलवर चिकटली की वीज कमी होते. म्हणून दोन रांगांमध्ये माणूस उभा राहील एवढी वाट आणि जवळ पाण्याचा नळ, हे कोटेशनमध्येच लिहून घ्या. धुणं सकाळी उन्हाआधी करायचं. तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नये.

अर्थिंगचे तीन वेगळे खड्डे हवेत: एक पॅनेल आणि डीसी (इन्व्हर्टरच्या आधीच्या) बाजूचा, एक एसी (इन्व्हर्टरच्या पुढच्या) बाजूचा, एक आकाशातली वीज जमिनीत उतरवणाऱ्या वीजरोधकाचा. पहिल्याने 'अर्थिंग – १ सेट' लिहिलंय, ते मान्य करू नका. वळवाच्या विजा तुमच्याकडे काय करतात ते सगळ्यांना माहीत आहे. डीसी केबल ४ चौरस मिलिमीटरची, तांब्याची, उन्हाला टिकणारी, पाइपातून नेलेली असावी. इन्व्हर्टर जिन्याखाली किंवा जिथे दुपारचं ऊन येत नाही अशा भिंतीवर असावा.

हमीचं एका वाक्यात सांगतो. पॅनेलच्या २५ वर्षांच्या आकड्यापेक्षा इन्व्हर्टर बिघडला तर कोण, किती दिवसांत येणार, तो काढून पाठवण्याचं भाडं कोण देणार, हे विचारा, कारण आधी बिघडतो तो इन्व्हर्टर. योजनेत बसवणाऱ्यावर पाच वर्षांच्या देखभालीची जबाबदारी असते, ती करारात लेखी घ्या. आणि प्रत्येकाकडून दोन-दोन जुन्या गिऱ्हाइकांचे पत्ते घ्या, ज्यांच्याकडे बसवून निदान दोन पावसाळे झालेत असे. मिस्टर निवृत्त आहेत, त्यांना सकाळी चहाच्या वेळेला तिथे पाठवा. त्या घरच्या बाईंना विचारावं, 'बिघडलं तेव्हा किती फोन करावे लागले?' आणि मग गच्चीवर जाऊन पायांच्या बुडाशी वाकून बघावं. हजार शब्दांच्या माहितीपत्रकापेक्षा तिथलं लोखंड जास्त सांगेल.

लाईट गेल्यावर घर चालणार नाही. तिघांनीही दिलेला साधा ऑनग्रिड, म्हणजे महावितरणच्या तारेला जोडलेला, इन्व्हर्टर लाईट गेली की स्वतःहून बंद होतो, भर उन्हातसुद्धा. तो तसा बंद व्हायलाच हवा. नाहीतर तुमच्या गच्चीवरची वीज तारेत उलटी जाईल आणि खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतेल. लाईट गेल्यावरही सोलरवर घर चालवायचं तर बॅटरी आणि तिच्यावरही चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर लागतो आणि खर्च बराच वाढतो. घरात साधा इन्व्हर्टर-बॅटरी असेल तर तो तसाच राहू द्या. दिवे-पंखे त्यावर चालतील.

पैसे देताना टप्पे पाडा. ठरवताना थोडे, माल उतरून तुम्ही लोखंड आणि पॅनेलवरचे नंबर तपासल्यावर मोठा भाग आणि निदान दहा टक्के नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणारा) बसून फिरायला लागेपर्यंत हातात ठेवा. नेट मीटरची कागदपत्रं आणि मीटरचा खर्च कोणाकडे, हे तिघांपैकी फक्त दुसऱ्याने लिहिलंय. बाकी दोघांनी 'एमएसईबीचे काम वेगळे' म्हणून सोडून दिलंय, त्यांना तिथे रक्कम भरायला लावा.

राहिली ती सासऱ्यांच्या नावाची गोष्ट. बाकी सगळं नंतर, हे आधी करा. योजनेचा अर्ज ज्याच्या नावावर बिल आहे त्याच्या नावाने होतो आणि अनुदान त्याच्याच खात्यात जातं. २०१९ ला वारलेल्या माणसाच्या नावाने अर्ज अडकणार. मृत्यूचा दाखला, घराचा उतारा, बाकीच्या वारसांची संमती घेऊन महावितरणच्या कार्यालयात नाव बदलाचा अर्ज द्या. धाकट्या दिरांचीही सही लागेल, म्हणून तिसऱ्या कोटेशनवरून त्यांच्याशी वाद घालण्याआधी सही घ्या. बिलावर मंजूर भार १ किलोवॅट दिसतोय, तो वाढवून घेण्याचंही त्याच फेरीत विचारा.

नाव बदलून पहिलं बिल हातात येईस्तोवर कोणालाही आगाऊ रक्कम देऊ नका, 'या आठवड्यातच भाव आहे' असं कोणी म्हणालं तरी. तेवढ्या दिवसांत दुसऱ्याकडून पाच पॅनेलचं, नव्या जीएसटीचं, पॅनेल टाकीपासून सरकवून काढलेल्या नकाशाचं कोटेशन येईल. पहिल्याकडूनही तशाच मालाचं मागवा, तीन अर्थिंगसह, ८० मायक्रॉन लिहून. दोन्ही कागद मला पाठवा, मी पुन्हा वही घेऊन बसतो.